कौशिकाचे सत्य

महाभारताच्या कर्णपर्वात कौशिक नावाच्या एका तपस्व्याची कथा आहे. नेहमी सत्यच बोलावयाचे, असे त्याचे व्रत होते. चोरांच्या भीतीने काही माणसे जवळच्या झाडीत लपली. मागून आलेल्या चोरांनी विचारले तेव्हा कौशिकाने ती जागा सांगून टाकली. माणसे मारली गेली आणि सत्यवादी कौशिक नरकात गेला, असे श्रीकृष्ण अर्जुनाला सांगतो. लहानपणी मला हा कौशिकावरचा अन्यायच वाटला होता. आज तसे वाटत नाही. कारण मध्यंतरी मी स्वतः कौशिक झालो.

मी आनेकलला राहतो व बंगळूरच्या एका केंद्रीय कार्यालयात कारकुनी करतो. रजेचे अर्ज आणि त्यांसोबतची वैद्यकीय प्रमाणपत्रे माझ्या टेबलावरून पुढे जातात. एका सहकारी बाईंच्या प्रमाणपत्रावरून त्यांना दिवस गेल्याचे मला कळले. साहेबांनी सहज त्यांच्या प्रकृतीची चौकशी केली आणि मीही तितक्याच सहजपणे, आनंदाची बातमी म्हणून, ते सांगून टाकले. पंधरवड्याने परगावच्या प्रशिक्षणाची यादी निघाली. आधीच्या मसुद्यात बाईंचे नाव होते; तो मसुदा मीच तयार केला होता. अंतिम यादीत ते नव्हते. कारण कोणी लिहिले नाही, कोणी विचारलेही नाही. कदाचित ते निराळेच असेल. पण ह्या ‘कदाचित’मध्येच सारा अन्याय दडलेला आहे. तिच्या देहाची गोष्ट चारचौघांत उघडी पडते आणि कार्यालयाचे कारण मात्र गुप्त राहते.

ह्याच प्रश्नाचे एक रूप १९९१ साली सर्वोच्च न्यायालयापुढे आले होते. आयुर्विमा महामंडळात रीतसर निवड झालेल्या एका तरुणीला, ती प्रसूतीच्या रजेवर असतानाच, कामावरून कमी करण्यात आले. नेमणुकीच्या वेळच्या घोषणापत्रात मासिक पाळी, गर्भधारणा, गर्भपात यांविषयीचे रकाने होते. तेथे तिने खोटी माहिती दिली, असा महामंडळाचा आक्षेप होता. न्यायालयाने तिला परत कामावर घ्यावयास सांगितले आणि ते रकानेच काढून टाकण्याची सूचना केली. खोटे बोलणे चांगले, असा ह्याचा अर्थ नव्हे. परंतु ज्याला प्रश्न विचारण्याचाच अधिकार नाही, त्याने उत्तराच्या खरेपणाचा आग्रह कोणत्या तोंडाने धरावा?

यावर कोणी म्हणेल की, कामाची आखणी करावयाची तर हे ठाऊक नको का? रजेपुरते जरूर ठाऊक हवे. मुंबई इलाख्याने १९२९ साली कारखान्यांतील स्त्रियांसाठी प्रसूतीविषयक कायदा केला. १९६१ साली देशाचा कायदा झाला. २०१७ साली पहिल्या दोन अपत्यांसाठी पगारी रजा २६ आठवड्यांची झाली. हा हक्क घ्यावयाचा तर स्त्रीला आपली अवस्था सांगावीच लागते. म्हणूनच, जे हक्कासाठी सांगितले ते हक्क हिरावण्यासाठी वापरणे, हा विश्वासघात होय. २०२२ च्या जानेवारीत स्टेट बँकेचे नवे नियम गाजले. तीन महिन्यांहून अधिक गर्भवती असलेल्या उमेदवारांना त्यांत तात्पुरते अपात्र ठरविले होते. टीका होताच ते स्थगित झाले. लेखी नियमाविरुद्ध निदान ओरड तरी करता येते; साहेबांच्या मनातील नियमाविरुद्ध दाद कोठे मागावी? ‘तिला दगदग नको’ ही भावनाही त्याच जातीची. तिला न विचारता केलेली दया म्हणजे तिच्या वतीने घेतलेला निर्णयच.

अखेर मी बाईंना सारे सांगितले. त्या रागावल्या नाहीत. एवढेच म्हणाल्या, “मी तुमच्याकडे कागद दिला होता हो, बातमी नव्हती दिली.”

तेव्हापासून प्रमाणपत्रे मी बंद पाकिटात ठेवतो. रजेचे कारण कोणी विचारले, तर म्हणतो, “रजा नियमात बसते.” हेही सत्यच आहे, आणि जे मला सांगण्याचा अधिकार आहे, ते एवढेच.