उपासनेतील वाद्ये आणि विकत घेतलेला ताल

वऱ्हाडातील लहान मंडळ्यांपुढे हल्ली एक प्रश्न वारंवार येतो, आणि वरवर पाहता तो केवळ पैशांचा दिसतो. कपाशीचा अथवा सोयाबीनचा चुकारा हाती आला, दानाची रक्कम थोडी साठली, म्हणजे तरुण बंधू म्हणतात, आता कॅसिओ घ्यावा आणि जोडीला मोठा स्पीकर घ्यावा. जुन्या पेटीने व ढोलकीने भागत नाही. वडील मंडळी म्हणतात, असले बाजारी वाद्य उपासनेत नको. अमरावतीकडे आणि अकोल्याकडे, दोन्ही बाजूंस आम्ही हा वाद ऐकिला आहे. आमच्या मते दोन्ही पक्ष वस्तूविषयी भांडतात, आणि ज्याविषयी भांडावे ते तसेच राहून जाते.

वडिलांचे म्हणणे प्रथम घेऊ. नवे व परके म्हणून नको, हा आधार कच्चा आहे. ज्या पेटीस ते आपली म्हणतात ती स्वतः परदेशी यंत्र आहे. हार्मोनियम एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास पॅरिस येथे घडली. मिशनरी लोकांबरोबर ती इकडे आली तेव्हा पायाने भाता हलवावा लागे व वाजविणारा खुर्चीवर बसे. पुढे कलकत्त्याचे द्वारकानाथ घोष ह्यांनी तिला हाताचा भाता देऊन जमिनीवर बसविली. तरी तिचे बारा सूर एकसारख्या अंतराने कापलेले, मींड तिच्यातून निघत नाही, म्हणून आपल्याच जाणत्या लोकांनी तिला नाके मुरडली. रवींद्रनाथ ठाकुरांस ती आवडत नसे. आकाशवाणीने तर 1940 साली तिला दार बंद केले, आणि ते दार 1971 पर्यंत उघडले नाही. इकडे महाराष्ट्रात मात्र गोविंदराव टेंबे (1881–1955) ह्यांच्यासारख्यांच्या बोटांनी तिला मराठी करून सोडले होते. यंत्र परके होते; ज्याने ते शिकून घेतले तो माणूस आपला होता. ना. वा. टिळकांनी (1861–1919) आपल्या लोकांस विलायती चालींच्या ठिकाणी भजने दिली, ती भजने खेडोपाडी ह्याच पेटीवर गायिली गेली. ह्यात कोणास विसंगती वाटली नाही, आणि वाटू नये.

जुने तेवढे निर्दोष, असेही नाही. पूर्वी पुष्कळ खंजिऱ्यांस घोरपडीचे कातडे लावीत; आज घोरपड मारणे हा कायद्याने गुन्हा आहे, आणि तो असावा हे योग्यच आहे. म्हणून प्लॅस्टिकच्या पडद्याची खंजिरी पाहून कोणी हळहळू नये.

खंजिरीचे नाव निघाले म्हणून आपल्याच जिल्ह्यातील एक गोष्ट सांगतो. यावलीस जन्मलेले आणि गुरुकुंज मोझरीस राहिलेले तुकडोजी महाराज (1909–1968) ह्यांचे मत व आमचे मत सर्व ठिकाणी एक नाही; परंतु एका लाकडी कड्यावर ताणलेले कातडे व चार झांजा एवढ्या भांडवलावर त्यांनी गावेच्या गावे बसवून ठेविली, हे कोणी नाकारू शकत नाही. 1955 साली ते जपानास धर्मपरिषदेस गेले तेव्हाही खंजिरी बरोबर होती. ह्याहून स्वस्त वाद्य बाजारात क्वचितच मिळेल. तेव्हा गरीब मंडळीस वाद्याची अडचण आहे, हे म्हणणे अर्धेच खरे.

आता तरुणांचे म्हणणे. त्यात खरा अंश मोठा आहे, आणि वडील तो ऐकून घेत नाहीत. लहान कॅसिओ पुष्कळदा चांगल्या पेटीपेक्षा कमी किमतीत मिळतो. (कॅसिओ हे एका जपानी कारखान्याचे नाव, त्याने पहिले असे वाद्य 1980 साली विकावयास काढिले, आणि आज खेड्यात कोणत्याही कारखान्याच्या पट्ट्यांच्या वाद्यास तेच नाव पडले आहे.) त्यास भाता नाही, म्हणून दोन्ही हात मोकळे राहतात. एक कळ दाबली की काळी चारमध्ये बसविलेले गीत स्त्रियांस झेपेल अशा सुरात येते. ज्या मुलीच्या घरी पेटी कधी आली नसती ती मजुरीतून वाचविलेल्या पैशांवर बोटे बसवू लागते. ह्याला आम्ही लाभच म्हणू.

परंतु त्याच वाद्यावर दुसरी एक कळ असते. ती दाबली की ताल आपोआप सुरू होतो आणि थांबवीपर्यंत चालतो. आमचा प्रश्न ह्या कळीविषयी आहे.

अकोल्याकडील एका मंडळीत आम्ही हे पाहिले. तेथे एक वृद्ध बंधू अनेक वर्षे ढोलकी वाजवीत. हात कापे, कधी लय ओढली जाई, तरी सर्व लोक त्यांच्याकडे पाहून गात. ते थांबले की गाणे थांबे. कॅसिओ आला. कोणी त्यांस वाजवू नका असे म्हटले नाही. फक्त यंत्राच्या तालाशी त्यांचा हात जुळेना. काही रविवार ते ढोलकी मांडीवर घेऊन नुसते बसले, मग ती भिंतीला टेकवून ठेवू लागले, मग मागच्या रांगेत जाऊन बसले. गाणे पूर्वीहून नेटके झाले ह्यात संशय नाही. परंतु पूर्वी म्हाताऱ्याच्या हाताप्रमाणे सबंध मंडळी हळू होत असे. आता यंत्र कोणासाठी हळू होत नाही. दम लागलेली आजी एक ओळ मागे पडली तर ती मागेच राहते.

कित्येक देवळांत आता विजेवर चालणारा नगारा व घंटा असते. आरतीच्या वेळी कळ दाबतात आणि सर्व एकदम वाजू लागते. आपले लोक ते पाहून हसतात. कॅसिओचा ताल लावून आपण काही निराळे करतो काय, हे हसणाऱ्यांनी सांगावे.

अरवना यबूसी आपले खळे व बैल दाविदाला फुकट देऊ लागला, तेव्हा दाविदाने मोल देऊनच ते घेतले, कारण ज्यास काही पडले नाही असे अर्पण तो करू इच्छीत नव्हता. येथे कोणी म्हणेल, आम्हीही पैसे दिलेच आहेत. होय, दिले; एकदा दिले. परंतु ढोलकी शिकणाऱ्याने सायंकाळ दिली होती, बोटांची कातडी दिली होती, आणि चुकल्यावर सर्वांदेखत पुन्हा आरंभ करण्याची लाज सोसली होती. ते मोल पैशांत फिटत नाही. पुढच्या पिढीत ते देणारा कोणी उरला नाही तर वीज गेल्यावर मंडळी मुकी होईल, आणि आपल्याकडे वीज किती वेळा जाते हे वाचकांस सांगावयास नको.

स्पीकराविषयी आम्ही अधिक कठोर आहो. तीस माणसांच्या खोलीत त्याचे काही काम नाही. शिवाय स्वस्त डब्यावर जे हजारो वॅट पी.एम.पी.ओ. छापलेले असतात ते क्षणभराच्या उसळीचे आकडे होत. अखंड मिळणारी शक्ती त्याचा अल्पसा अंश असते. आणि आवाज कानास दुप्पट वाटावा तर शक्ती सुमारे दहापट लागते, तेव्हा दुप्पट आकड्याचा डबा दुप्पट ऐकू येत नाही. खोट्या मापाने धान्य विकणाऱ्यास आपण बरे म्हणत नाही. मग हा आकडा वाचून दानाचे पैसे कसे मोजतो?

शेजाऱ्याचा प्रश्न ह्याहून मोठा आहे. 2000 सालच्या नियमांप्रमाणे वस्तीत दिवसा 55 व रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे, आणि रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक सामान्यतः मना आहे. त्याच वर्षी 30 ऑगस्ट रोजी सर्वोच्च न्यायालयाने एक निकाल दिला. त्यात तक्रार एका ख्रिस्ती मंडळीविरुद्ध होती, हे आपण विसरू नये. मद्रासच्या त्या मंडळीचे ढोल, गिटार व ध्वनिक्षेपक शेजारच्या वसाहतीस सहन होईनात. दुसऱ्यांची शांती मोडून अथवा ध्वनिवर्धक लावून प्रार्थना करावी असे कोणताही धर्म सांगत नाही, अशा आशयाचे न्यायाधीशांनी म्हटले. आपल्यास ही शिकवण न्यायासनाकडून घ्यावी लागली. गावात इतरांचेही भोंगे वाजतात हे खरे. त्यामुळे आजारी शेजाऱ्याच्या उशाशी आपलाही एक भोंगा वाजविण्याचा अधिकार उत्पन्न होत नाही.

असे असता आम्ही यंत्राचा ताल सर्वत्र निषिद्ध म्हणतो काय? नाही. मेळघाटाच्या पायथ्याशी अशी ठिकाणे आहेत की जेथे तरुण पुण्यास कामाला गेले, आणि उपासनेस पाच-सहा बाया व काही लेकरे उरली. त्या मोबाइलवर चाल लावितात आणि तिच्यामागून गातात. त्यांच्यापाशी वाजविणारा कोणी नाही. यंत्राने कोणास उठविलेले नाही, रिकामी जागा तेवढी धरली आहे. त्यांस बोल लावणारा निर्दय म्हणावा लागेल. मात्र त्या लेकरांपैकी एकाच्या हाती टाळ देण्यास काही पडत नाही.

ज्या मंडळ्यांनी आम्हांस विचारिले त्यांस आम्ही इतकेच कळविले आहे: कॅसिओ घ्यावयाचा तर घ्या, परंतु कर्ज काढून नको आणि पेरणीच्या तोंडावर नको. पेटीचा भाता फाटला असेल अथवा पत्त्या बेसूर झाल्या असतील तर दुरुस्तीस काय पडेल हे आधी विचारा. स्पीकराचे पैसे राखून ठेवा. आणि वाद्य आल्यावर ढोलकी वाजविणाऱ्यास बाजूस बसवून घ्या, आणि तालाची ती कळ बंद ठेवा.