बुरशी कोणाची?

गोदावरीचा पूर किती चढला, हे नाशिककर दुतोंड्या मारुतीकडे पाहून सांगतात. पाणी गुडघ्याला, कमरेला, छातीला! भाड्याच्या घरात राहणाऱ्याला मात्र गोदाघाटापर्यंत जावं लागत नाही. तो आपलं कपाट उघडतो. आषाढात कोटाच्या कॉलरवर पांढुरकी साय दिसते, श्रावणात ती खांद्यावर उतरते आणि भाद्रपदात कोट मालकाच्या आधी म्हातारा होतो.

बुरशीचे बीजाणू हवेत सगळीकडेच असतात म्हणे. त्यांना हवी असते फक्त ओल, कोंडलेली हवा आणि खायला थोडं लाकूड, सूत, चामडं. बाहेरच्या गार भिंतीला चिकटून उभ्या असलेल्या कपाटात या सगळ्याची सोय होते, आणि तीही डिपॉझिट न भरता.

आता प्रश्न असा की भिंत घरमालकांची, कपडे आमचे. मग बुरशी कोणाची? मालक म्हणतात, "तुम्ही खिडक्या उघडत नाही." आम्ही म्हणतो, "तुमचा बाहेरचा गिलावा फुटलाय." महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ याचं कलम १४ सांगतं, की वेगळा करार नसेल तर दुरुस्ती घरमालकानं करायची. पण ते भाडेकरूसाठी. आम्ही पडलो 'लीव्ह अँड लायसन्स'वाले, म्हणजे कायद्याच्या भाषेत भाडेकरूसुद्धा नाही, अकरा महिन्यांचे परवानाधारक! शिवाय करारात एक अट होतीच: कपाट जागचं हलवू नये.

आमच्या मालकांची पिंपळगावकडे द्राक्षबाग आहे. भुरी हीसुद्धा बुरशीच. पण वेलीवर ती दिसली की ते रात्री झोपत नाहीत. 'वेलीनं खिडकी उघडली नाही' असं काही त्यांच्या तोंडून निघत नाही. कारण बाग त्यांची आहे, पुढच्या वर्षीही राहणार आहे. आमच्या कपाटाला तसं कोणीच नव्हतं. मी अकरा महिन्यांचा, ते महिन्यातून एकदा भाड्यापुरते. 'माझं' म्हणणारं कोणी नसलं की बुरशी म्हणते, "मी आहे की!"

इथवर सगळं हसण्यावारी जात होतं. मग एक दिवस हिनं तळाच्या कप्प्यातून तिच्या आईची येवल्याची पैठणी काढली. पदरावरच्या मोरांवर पिवळे डाग पडले होते. ही काही बोलली नाही. साडी उन्हात न धरता सावलीत पसरून नुसती बसून राहिली.

माघात आम्ही घर सोडायला निघालो तेव्हा भिंत खडखडीत वाळलेली, वर नवा रंग. घर बघायला एक तरुण जोडपं आलं. मुलीनं विचारलं, "काका, घराला काही प्रॉब्लेम नाही ना?" शेजारी मालक उभे, त्यांच्या खिशात माझं डिपॉझिट. 'गॅलरीत छान वारा येतो' एवढं म्हटलं असतं तरी ते खोटं नव्हतं. पण अशाच अर्ध्या खऱ्या वाक्यापायी धर्मराजाचा रथ चार बोटं खाली आला होता, आणि त्याचं तर डिपॉझिटही अडकलेलं नव्हतं!

मी म्हणालो, "पावसाळ्यात या भिंतीला ओल येते. गिलावा आधी करून घ्या, कपाट चार बोटं पुढे ओढा, आणि रेशमी काही यात ठेवू नका."

बुरशी कोणाची, याचा निवाडा कोर्टात काय व्हायचा तो होवो. मला वाटतं, ती ज्याला दिसली त्याची. दिसली नव्हती तोवर तो मोकळा. दिसल्यावर मात्र नवा रंग पाहून गप्प बसायची सोय त्याला उरत नाही.

जोडप्यानं घर घेतलं, पण आधी गिलावा करून घेतला. आमचं डिपॉझिट महिनाभर उशिरा आलं, तेही रंगाचे पैसे कापून. हिनं हिशेबाचा कागद दोनदा वाचला आणि म्हणाली, "असू दे. पैठणीपेक्षा स्वस्तात सुटलो."