ख्रिस्ती मनुष्याने डोंगर-धबधबे पाहावयास जावे काय?



गेल्या पावसाळ्यात आर्वी तालुक्यातील आमच्या एका लहान मंडळीतून आम्ही अकरा जण चिखलदऱ्याचे डोंगर व धबधबे पाहावयास गेलो. भाड्याच्या जीपगाडीने पहाटे चार वाजता निघालो, वर्धा नदी ओलांडून अमरावती व परतवाडा ह्या मार्गाने घाट चढलो, वर एक वाटाड्या सोबत घेतला, आणि दिवसभर हिंडून मध्यरात्रीच्या सुमारास घरी परतलो. प्रत्येकाच्या वाट्यास सुमारे तीन दिवसांच्या मजुरीइतका खर्च आला. पुढील रविवारी उपासनेनंतर मंडळीतील एक वयोवृद्ध पंच आम्हांस बाजूस घेऊन म्हणाले, "पाळकसाहेब, गाडीभाडं देऊन पाणी पडताना पाहायला गेले तुम्ही. पाणी तर आपल्या प्रभुमंदिराच्या पत्र्यातूनही पडते जी. हे बरोबर झालं का?"

त्यांच्या बोलण्यात थट्टा होती, पण दोष देण्याचा हेतू नव्हता. आणि प्रश्न खरा होता. ज्या गावात कपाशीचे पीक बुडाले म्हणजे घरे कर्जात जातात, तेथील ख्रिस्ती मनुष्याने केवळ डोळ्यांच्या आनंदासाठी पैसा खर्च करावा काय? आमच्या प्रचारक बंधूंनाही हा प्रश्न पुष्कळ ठिकाणी ऐकावा लागत असेल. म्हणून त्यावर जो विचार आम्ही केला, तो येथे मांडीत आहो.

प्रथम आम्ही काय पाहिले ते सांगतो. चिखलदरा हे सातपुड्याच्या गाविलगड रांगेत सुमारे १,१०० मीटर उंचीवर आहे. तेथील काळा दगड साडेसहा कोटी वर्षांच्या आसपास पृथ्वीच्या पोटातून वर आलेल्या तप्त रसाचा, थरावर थर थिजून झालेला आहे. पावसाळ्यात पठारावरचे पाणी वाहत वाहत ह्या दगडाच्या कड्याशी येते व खोल दरीत उडी घेते. भीमकुंडापाशी असा एक धबधबा आहे. भीमाने कीचकाला मारून ह्या दरीत टाकले व कीचकदऱ्याचा चिखलदरा झाला, अशी कथा तेथील लोक सांगतात. आपल्या जिल्ह्याचे पाणी वर्धा नदीतून गोदावरीस मिळून पूर्वसमुद्रास जाते. ह्या डोंगरातले पाणी पूर्णा व तापी ह्यांच्या वाटेने पश्चिमसमुद्रास जाते. एकाच ढगाचे पाणी दोन समुद्रांस वाटून देणारा हात कोणाचा, हे आपणांस सांगावयास नको.

आमच्यामध्ये एक विधवा भगिनी होती. तिने कापूस वेचून साठविलेल्या पैशांतून आपला वाटा दिला होता. भीमकुंडापाशी ती पुष्कळ वेळ उभी राहिली व म्हणाली, "मी जन्मभर खालीच पाहिलं जी. वेचताना खाली, निंदताना खाली. आज पहिल्यांदा मान वर केली." हे शब्द ऐकल्यावर तिच्या तीन दिवसांच्या मजुरीचा हिशेब विचारण्याचा अधिकार आपणांपैकी कोणास आहे, असे आम्हांस वाटले.

कारण असे पाहा. सावकार थंड हवेच्या ठिकाणी गेला तर तो खर्च योग्य होता काय, असे कोणी त्यास विचारीत नाही. मजूर गेला म्हणजे मात्र सर्व जण विचारतात. जणू काय सुंदर वस्तू पाहणे हे श्रीमंतांचे काम, आणि गरिबाने फक्त पत्रे दुरुस्त करावे! परंतु पवित्र शास्त्राचा आरंभ वाचा. देवाने उजेड, समुद्र, झाडे निर्माण केली व ती चांगली आहेत असे पाहिले; तेव्हा मनुष्य अजून निर्माणही झाला नव्हता. म्हणजे पाहून आनंदित होणे हे आधी देवाचे काम आहे, आणि त्याच्या प्रतिरूपाचा वाटा मजुरासही मिळालेला आहे. प्रभू येशूने रानफुले व पाखरे पाहण्यास सांगितले ते कोणास? उद्याच्या भाकरीची चिंता करणाऱ्या गरीब लोकांस. शिष्य थकून आले तेव्हा त्याने त्यांस एकांत स्थळी जाऊन थोडा विसावा घेण्यास बोलाविले. बेथानीत एका स्त्रीने मोलाचे सुगंधी तेल ओतले, तेव्हा हा पैसा गरिबांस देता आला असता अशी कुरकूर झाली. प्रभूने त्या स्त्रीची बाजू घेतली.

तरी बंधुजनहो, बेथानीच्या गोष्टीचा आधार आपण फार सहज घेतो. ते तेल त्या स्त्रीने स्वतःच्या अंगावर ओतले नव्हते. ते प्रभूवर ओतले होते. म्हणून सहलीस जाण्याचा अधिकार आम्हांस आहे, एवढे सिद्ध झाल्याने प्रश्न संपत नाही. तो दिवस आम्ही कोणावर ओतला, हे विचारावे लागते. येथे आम्हांस आमची स्वतःची चूक सांगितली पाहिजे.

आमचा वाटाड्या मेळघाटातला कोरकू जातीचा, पंचविशीतला तरुण होता. वर पोहोचलो तेव्हा धुके इतके दाट होते की दहा पावलांवरचे दिसेना. कडा कोठे संपतो हे त्यास पायांनी ठाऊक होते. शेवाळलेल्या दगडावर फोटो काढावयास पुढे सरणाऱ्या आमच्या मुलांस तो हात धरून मागे ओढी. दुपारी एका ओढ्यात सर्व जण पाय सोडून बसलो असता त्याने एकाएकी बाहेर निघण्यास सांगितले. आमच्या डोक्यावर तर ऊन पडले होते. आम्ही कुरकुरत उठलो. थोड्याच वेळात पाणी गढूळ झाले, आणि आम्ही बसलो होतो ते दगड दिसेनासे झाले. पाऊस वर पठारावर पडला होता. पाण्याचा बदललेला आवाज आम्हांस ऐकू आला नाही, त्यास आला.

त्या वेळी आम्हांस स्टीफन हिस्लॉप ह्यांची आठवण झाली. हे स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे मिशनरी १८४५ साली नागपुरास आले. नागपुरातील हिस्लॉप कॉलेज त्यांच्याच नावाने १८८३ पासून चालत आहे. ते मोठे निरीक्षक होते. नागपूरच्या आसपासच्या दगडांत त्यांनी प्राचीन वनस्पतींचे व प्राण्यांचे अवशेष शोधले, आणि एका खनिजास त्यांच्यावरून हिस्लॉपाइट असे नाव पडले. ४ सप्टेंबर १८६३ रोजी बुटीबोरीजवळच्या टाकळघाट येथील प्राचीन शिलावर्तुळे पाहून व तेथील शाळा तपासून ते घोड्यावरून एकटे परत येत होते. अंधार पडला होता, वाटेतला नाला फुगला होता. त्यात ते बुडून मरण पावले. वर्ध्याहून नागपुरास जाताना आपण त्याच मुलखातून जातो. एवढ्या विद्वान मनुष्यासही त्या रात्री वाट दाखविणारा जवळ नव्हता. वाटाड्याचे मोल किती असते, हे फुगलेले पाणी शिकविते.

आणि ज्याने आम्हांस पाण्यातून काढले, त्यास आम्ही काय दिले? ठरलेली मजुरी दिली, एवढेच. दुपारी आम्ही अकरा जण एका झाडाखाली गोल बसलो, प्रार्थना केली, भाकरी, ठेचा व पिठले उघडले. तो गाडीजवळ उकिडवा बसून राहिला. आमच्यापैकी कोणीही त्यास पंगतीस बोलाविले नाही. कोणी जाणूनबुजून वगळले असे नाही. कोणाच्या मनातच आले नाही, आणि हेच अधिक वाईट. परतवाड्याचा घाट उतरून आल्यावर अंधारात एका लहान मुलीने विचारले, "तो दादा जेवला का?" गाडीत सर्व जण गप्प झाले. मग तिने त्याचे नाव विचारले. ते कोणास ठाऊक नव्हते. दिवसभर त्याने बोट दाखविले तिकडे आम्ही पाहिले होते. त्याच्याकडे पाहिले नव्हते.

बंधुजनहो, आपण कोण आहो हे आठवा. आपल्या आजापणजांस पंगतीबाहेर बसविले जात असे. ज्यांस विहिरीवर जाऊ दिले नाही, त्यांस प्रभूने आपल्या मेजाशी बसविले, ही आपल्या मंडळ्यांची कथा आहे. चिखलदरा हैदराबादच्या फौजेतील रॉबिन्सन नावाच्या कप्तानाने १८२३ साली शोधून काढले असे लिहितात. पण कोरकू लोक तर तेथे आधीपासून राहत होते, त्यांच्यासाठी ते कधी हरवलेच नव्हते. पुढे साहेबलोक हवा खावयास वर जाऊ लागले. गरिबाने वर जायचे ते ओझे घेऊन. आज आपण गाडीत बसून गेलो, हे चांगले झाले. परंतु साहेबाच्या जागी बसताच साहेबाची दृष्टीही आपणांस आली, तर आपली काय उन्नती झाली?

तेथे पंचबोल नावाची एक जागा आहे. दरीकडे तोंड करून हाक मारली असता ती पुनःपुन्हा ऐकू येते. आमची मुले आपापली नावे घेऊन ओरडली व प्रत्येकास आपलेच नाव परत ऐकू आले. आम्हांस तेव्हा हसू आले. आता वाटते की आमची सारी सहल तशीच झाली. इतक्या दूर जाऊन आम्ही आमचाच आवाज ऐकून आलो.

ह्याच डोंगरांत दुसऱ्या प्रकारचे कानही होऊन गेले आहेत. जॉन ड्रेक नावाच्या मिशनऱ्याने कोरकू लोकांत राहून त्यांच्या भाषेचे व्याकरण लिहिले. ते १९०३ साली प्रसिद्ध झाले. ही भाषा मराठीहून व गोंडीहूनही निराळी, संथाळी व मुंडारी ह्यांच्या कुळातली आहे. हिस्लॉप ह्यांनीही केवळ दगड पाहिले नाहीत. गोंडादी लोकांविषयीचे त्यांचे लेख त्यांच्या मृत्यूनंतर १८६६ साली छापले गेले. डोंगर पाहणाराने डोंगरातल्या मनुष्याचेही ऐकले, असा हा धडा आहे. मेळघाटातील बालमृत्यूंची वार्ता १९९० नंतरच्या दशकात देशभर पसरली होती. १९७३ साली देशात व्याघ्र प्रकल्प सुरू झाला, त्यातील पहिल्या नऊ वनांत मेळघाट होते. पुढे वाघांसाठी तेथील काही गावे उठवून दुसरीकडे वसविण्यात आली. असल्या भूमीवर आपण धुके व धबधबा पाहावा, आणि तेथल्या मनुष्याची विचारपूसही करू नये, हे देवाच्या कृतीचे अर्धेच दर्शन होय.

तेव्हा पंचांच्या प्रश्नास आमचे उत्तर असे की, होय, ख्रिस्ती मनुष्याने जावे. परंतु कर्ज काढून जाऊ नये, व मंडळीच्या दानपेटीस हात लावू नये. वाटाड्याची मजुरी आधी ठरवावी आणि शेवटी घासाघीस करू नये. पाण्याच्या व कड्याच्या बाबतीत त्याचा शब्द मानावा. त्याचे नाव, गाव विचारावे, आणि जेवताना त्यास आपल्याबरोबर बसवावे. कचरा परत आणावा. आणि परत आल्यावर, जे येऊ शकले नाहीत त्यांच्या घरी बसून जे पाहिले ते सांगावे, म्हणजे तो आनंद थोडक्यांचा राहणार नाही. प्रभुमंदिराचे पत्रेही आम्ही विसरलो नाही. सहलीस गेलेल्या अकरा जणांनीच प्रथम वर्गणी दिली, आणि थट्टा करणारे पंच स्वतः शिडीवर चढले.

गाडीवाल्याजवळ त्या तरुणाचा फोन नंबर होता. दुसऱ्या दिवशी आम्ही त्यास फोन करून नाव विचारले व क्षमा मागितली. तो हसला. म्हणाला, "त्याचं काय साहेब, आम्हाले सवय आहे." आपले आजेही असेच म्हणत असत. त्यांची ती सवय मोडावयास स्वर्गातून प्रभू खाली आला. दुसऱ्यास तीच सवय लावणारे आपण होऊ नये, अशी आमची प्रार्थना आहे. पुढच्या पावसाळ्यात देवाची इच्छा असल्यास आम्ही पुन्हा जाणार आहो. शिदोरी बारा जणांची बांधू.