पाचवे ताट



सणाला किती पुरे, हा प्रश्न प्रत्येक घरात विचारला जातो. परंतु एखाद्या राष्ट्राच्या मंत्र्यांनी तो जाहीरपणे सोडवून दाखविल्याचे उदाहरण विरळाच. फिलिपाइन्स देशात तसे घडले. २०२५ च्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस तेथील व्यापार व उद्योग खात्याच्या मंत्रीबाईंनी असे सांगितले की, चार माणसांच्या कुटुंबाला नाताळच्या रात्रीचे साधे भोजन ५०० पेसोंत करता येईल. आपल्या चलनात ही रक्कम साडेसातशे रुपयांच्या आसपास भरते. या विधानाने लोकांत मोठा संताप उसळला.

बाईंचा हिशेब बरोबर की चूक, यावर पुष्कळांनी बाजारभावाच्या याद्या घेऊन वाद घातला. तो वाद मला येथे करावयाचा नाही. त्या संतापाच्या तळाशी असलेला प्रश्न मला अधिक महत्त्वाचा वाटतो. हातावर पोट असलेल्या माणसाने वर्षातून एका रात्री ऐपतीबाहेर हात सैल सोडावा काय? आणि सोडू नये, असे त्याला सांगण्याचा अधिकार कोणाला?

प्रथम ते भोजन काय आहे, हे पाहिले पाहिजे. त्याला तेथे ‘नोचे बुएना’ म्हणतात. शब्द स्पॅनिश, अर्थ ‘शुभ रात्र’. १५६५ पासून १८९८ पर्यंत त्या बेटांवर स्पेनची सत्ता होती आणि आजही तेथील बहुसंख्य लोक रोमन कॅथोलिक आहेत. नाताळच्या आदल्या दिवशी उपवास पाळावा, मध्यरात्रीची मिस्सा झाल्यावर घरी यावे आणि मग सर्वांनी मिळून उपवास सोडावा, अशी जुनी रीत. उपवासाचे नियम पुढे सैल झाले. मध्यरात्रीचे पान मात्र राहिले.

त्याआधी १६ ते २४ डिसेंबर असे नऊ दिवस पहाटेची उपासना असते. तिचे नाव ‘सिम्बांग गाबी’, म्हणजे रात्रीची उपासना. शेतकऱ्यांना उजाडण्यापूर्वी उपासना आटोपून शेतावर जाता यावे म्हणून ही वेळ ठरली, असे सांगतात. घरोघरी बांबूच्या कामट्या व कागद यांचे पंचकोनी तारे टांगलेले असतात. त्यांना ‘पारोल’ म्हणतात. उपासना संपवून लोक बाहेर येतात तेव्हा अंधारात निखारे फुललेले दिसतात. तांदळाचे पीठ व नारळाचे दूध यांचे मिश्रण केळीच्या पानावर ओतून, खाली निखारे आणि वरही निखारे ठेवून ‘बिबिंगका’ भाजतात. गोव्याच्या वाचकांना आपला थराथरांचा बिबिंक आठवेल. पदार्थ निराळा, नावे मात्र बहिणी-बहिणींसारखी. जांभळा चिकट तांदूळ दळून तो बांबूच्या नळीत वाफवितात आणि त्यावर खोबरे व खांडसरीसारखी साखर पेरतात. केरळात राहणारे आपले वाचक त्याला पुट्ट्याचा भाऊ म्हणतील. सोबतीला आल्याचा गरम काढा. नऊ दिवसांची ही पायवाट नोचे बुएनाच्या ताटाशी येऊन पोहोचते, हे विसरून त्या ताटाची किंमत करू नये.

घरातला स्वयंपाक आदल्या दिवसापासूनच चाललेला असतो. हॅमचा तुकडा अननसाचा रस आणि साखर घालून मंद आचेवर शिजतो. कोंबडीची हाडे अलगद काढून तिच्या पोटात खिमा भरण्याचे काम घरातील जाणत्या बाईकडे असते. त्याला धीर लागतो. ‘पान्सित’ नावाच्या शेवया हव्यातच. त्या लांब असतात आणि लांब आयुष्याचे चिन्ह मानल्या जातात, म्हणून त्या तोडत नाहीत. ज्यांना परवडते त्यांच्या मेजावर लाल मेणाच्या वेष्टणातला चीजचा गोल गोळा विराजमान होतो. स्पॅगेटी असते, पण इटलीच्या माणसाला ती ओळखू येणार नाही; ती गोड असते आणि तिच्यात केळ्याचे केचप असते. टोमॅटोच्या जागी केळे वापरण्याच्या या युक्तीचे श्रेय मारिया ओरोसा या अन्नशास्त्रज्ञ बाईंना देतात. १९४५ मध्ये मनिलाच्या लढाईत त्यांचा अंत झाला. टंचाईतून जन्मलेला पदार्थ सणाचा पदार्थ होऊन बसला, यात त्या लोकांचा स्वभाव दिसतो.

हे सारे फुकट होत नाही. १९७५ साली निघालेल्या एका हुकुमाने तेथील मालकांवर नोकरांना तेराव्या महिन्याचा पगार देण्याचे बंधन घातले आणि तो २४ डिसेंबरपर्यंत दिलाच पाहिजे, असे ठरविले. म्हणजे या ताटाची दखल कायद्यानेही घेतली आहे. तरीही अनेकांची ओढाताण होते. २०२२ च्या डिसेंबरअखेर तेथे कांदा किलोला ६०० पेसोंच्या वर गेला होता. कांद्याने रडविलेल्या महाराष्ट्राला याचा अर्थ सांगावा लागणार नाही. मग उसनवार होते. तेथे ‘पाच-सहा’ नावाची सावकारी आहे: पाच घ्या, सहा फेडा. आणि वाचकहो, या सावकाराचे लोकांच्या तोंडी असलेले नाव ऐकून आपण चमकाल. त्याला ‘बुंबाय’ म्हणतात, म्हणजे मुंबईवाला. मोटारसायकलवरून वसुली करीत हिंडणारे हे भारतीय बहुधा पंजाबचे असतात; मुंबईचे केवळ नाव झाले. परंतु गरिबाच्या सणाच्या कर्जात आपल्या शहराचे नाव गुंतावे, याची बोच राहते.

तेव्हा काटकसरीचा उपदेश करणाऱ्याची बाजू अगदीच पोकळ नाही. एका रात्रीच्या हॅमसाठी फेब्रुवारीपर्यंत हप्ते फेडणारा बाप डोळ्यांपुढे आणला की मेजवानीची स्तुती ओठांवर अडखळते. सणासाठी काढलेले कर्ज हे दारू वा जुगार यांच्या कर्जासारखे नसले तरी व्याज तेवढेच असते. ही गोष्ट गुळगुळीत शब्दांनी झाकू नये.

परंतु पवित्र शास्त्रात काटकसरीचा उपदेश कोणाच्या तोंडी आला आहे, तेही पाहावे. बेथानीच्या घरात मरीयेने मोलाचे सुगंधी तेल प्रभूच्या चरणांना लावले तेव्हा, हे ३०० दिनारांना विकून गरिबांना का दिले नाही, असे विचारणारा यहूदा होता (योहान १२). ३०० दिनार म्हणजे मजुराची जवळजवळ वर्षाची कमाई. हिशेब चोख होता. हिशेब करणाऱ्याचे मन चोख नव्हते. प्रभूने त्याला जे उत्तर दिले, गरीब तुमच्याजवळ नेहमीच आहेत, त्याचा आधार घेऊन कित्येकांनी गरिबांकडे पाठ फिरविली आहे. वास्तविक ते शब्द अनुवादाच्या १५ व्या अध्यायाचे स्मरण करून देतात आणि तेथे त्यांच्यापुढे लगेच आज्ञा आहे ती हात उघडा ठेवण्याची. त्याच ग्रंथाच्या १४ व्या अध्यायात दशमांशाच्या पैशातून जिवाला आवडेल ते विकत घेऊन परमेश्वरासमोर कुटुंबासह खावे आणि आनंद करावा, असे सांगितले आहे. पण लेवीला टाकून देऊ नये, ही अटही त्यालाच जोडलेली आहे.

मला या संदर्भात नहेम्याच्या ८ व्या अध्यायातील प्रसंग सर्वांत बोलका वाटतो. बंदिवासातून परतलेले, दारिद्र्याने गांजलेले लोक नियमशास्त्र ऐकून रडू लागले. त्यांना सांगण्यात आले की रडू नका. जा, चांगलेचुंगले खा, गोड प्या, आणि ज्याच्या घरी काही शिजलेले नाही त्याला वाटा पाठवा. ‘वाटा’ या शब्दावर क्षणभर थांबावे. मूळ इब्रीतही ताटातून काढून दिलेल्या भागाचाच तो शब्द आहे. आता हा हुकूम पाळावयाचा असेल तर काय लागेल? आपल्यापुरते असून भागणार नाही. वाटा पाठवावयाचा असेल तर पातेल्यात आपल्या गरजेपेक्षा जास्त काहीतरी असले पाहिजे.

आणि माझ्या मते त्या ५०० पेसोंच्या हिशेबात नेमके हेच बसत नव्हते. तो हिशेब चौघांचा होता. चार तोंडे, इतके ग्रॅम हॅम, एवढी पाकिटे. त्यात चौघांचे पोट भरेलही. पण दार वाजले तर? जेवत असताना कोणी आले की ‘या, जेवू या’ असे म्हणण्याची त्या लोकांची रीत आहे. ते केवळ तोंडदेखले असते, असे म्हणणारेही आहेत; पण पातेल्यात काही असल्यावाचून तोंडदेखलेसुद्धा बोलता येत नाही. चौघांना पुरते ते जेवण झाले. पाचव्याला हाक मारता येते तेव्हा त्याला मेजवानी म्हणावे. गरिबाला तुझे चौघांचे भागले ना, असे विचारणे म्हणजे तू घेणाराच राहा, देणारा होऊ नकोस, असे सांगणे होय. अपमान झाला तो येथे.

भाषांतराच्या कामात माझी एका फिलिपिनो सहकाऱ्याशी ओळख झाली. त्यांच्या बालपणी एका वर्षी वादळाने सारे पीक नेले. त्या नाताळात घरी शेवया आणि भाजलेल्या तांदळाची कॉफी, एवढेच होते. तरी आईने आधी एक वाडगा भरून, त्यावर केळीचे पान बांधून, शेजारच्या एकट्या म्हातारीकडे त्यांना पाठविले आणि मगच घरातल्यांना वाढले. खर्च म्हणाल तर ५०० पेसोंहून कितीतरी कमी. तेव्हा ऐपतीबाहेर जाण्याचा अर्थ नेहमी पैशांतच मोजता येईल, असे नाही. सावकाराच्या दारी जाऊन लाल मेणाचा गोळा आणणारा आणि शेवयांतून वाटा काढणारी ती माउली, या दोघांची उधळपट्टी एक जातीची नाही.

तेथील कित्येक गावांत नाताळच्या आदल्या रात्री ‘पानुनुलुयान’ होते. मरीया व योसेफ यांचे सोंग घेतलेली दोन माणसे, मागे मिरवणूक, दारोदार आसरा मागत फिरतात. प्रत्येक दारी नकार मिळतो. शेवटी सारे देवळाशी येतात, तेथे दार उघडते आणि मिस्सा सुरू होते. आपल्या मराठी शास्त्रात लूक २:७ मध्ये ‘उतारशाळा’ हा शब्द आला आहे. मूळ ग्रीक शब्द ‘कातालुमा’. चांगल्या शोमरोन्याच्या दृष्टांतात जखमी माणसाला ज्या उतारशाळेत नेले तिच्यासाठी लूक निराळाच शब्द वापरतो. ‘कातालुमा’ मात्र तो पुन्हा योजतो ते शेवटच्या वल्हांडण भोजनाच्या खोलीसाठी (लूक २२:११). म्हणून पुष्कळ अभ्यासकांना वाटते की बेथलेहेमात जागा नव्हती ती एखाद्या घराच्या पाहुण्यांच्या खोलीत. ते खरे असेल तर खलनायक म्हणून उभा केलेला उतारशाळेचा मालक नाहीसा होतो आणि प्रश्न नातलगांच्या भरल्या घरावर येतो. ज्या नावाच्या खोलीत जन्माच्या रात्री जागा नव्हती, त्याच नावाच्या खोलीत पुढे प्रभूने आपल्या शिष्यांना जेवावयास बसविले. पानुनुलुयान करून घरी परतणारा माणूस नोचे बुएनाला बसतो तेव्हा कोणत्या खोलीत बसतो, हे त्याला कोणी सांगावयास नको.

आपल्याकडे तर जेवणाची पंगत हा कसोटीचाच दगड होता. कोणाच्या हातचे खावे आणि कोणाच्या शेजारी बसावे, यावर आपल्या पूर्वजांचा ख्रिस्ताकडे आलेला रस्ता मोजला गेला. लक्ष्मीबाई टिळकांच्या ‘स्मृतिचित्रे’मध्ये ते सारे आहे. पौल करिंथच्या मंडळीला दोष देतो, कारण तेथे एक उपाशी राही आणि दुसरा पिऊन धुंद होई. आपल्या भाषेत त्याला ‘पंक्तिप्रपंच’ असा नेमका शब्द आहे. नाताळच्या करंज्या-चकल्यांची ताटे आपण कोणाच्या घरी पाठवितो आणि कोणाची घरे गाळतो, हे ज्याने त्याने आपल्या घरी पाहावे.

फिलिपाइन्समधील त्या मेजावर आणखी एक जागा असते, जिचा हिशेब करणे फार अवघड आहे. तेथील सरकारी पाहणीनुसार २०२३ साली २१ लाखांहून अधिक फिलिपिनो परदेशांत कामाला होते: कोणी जहाजावर, कोणी इस्पितळात, कोणी परक्याच्या स्वयंपाकघरात. नाताळपूर्वी त्यांच्याकडून मोठाले खोके घरी येतात. साबण, डबाबंद मांस, चॉकलेटे, बूट आणि जागा उरेल तेथे टॉवेल कोंबलेले. पुष्कळ घरांत हॅमचे पैसे त्यांच्याच घामाचे असतात. ज्या पाचव्याच्या जिवावर चौघांचे ताट भरले, तोच ताटावर नाही. त्याने घरी राहावे आणि सर्वांनी मिळून शेवयाच खाव्यात, असे सांगणे सोपे आहे. मुलांची शाळा आणि आईचे औषध यांचे काय, याचे उत्तर मजजवळ नाही.

मनिलात मध्यरात्र होते तेव्हा कुवेतमध्ये संध्याकाळचे सात वाजलेले असतात. तेथे एखादी बाई परक्या घरच्यांचे रात्रीचे जेवण रांधीत असते. फोन भिंतीला टेकवून ठेवलेला असतो. त्यात तिची मुले, तिची आई, तारा, ताटे. पलीकडून मुले ओरडतात, आई, जेवू या. ती हातातला पळा खाली ठेवते. आखातात राहणाऱ्या मराठी ख्रिस्ती वाचकांनो, ही बाई तुमच्याच इमारतीत, कदाचित तुमच्याच मजल्यावर असेल; आणि तुमच्या घरी त्या संध्याकाळी करंज्यांचा डबा उघडलेला असेल.