उपवासाला साक्षीदार कशाला?

जपानचे पेशीशास्त्रज्ञ योशिनोरी ओसुमी यांना २०१६ साली वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून आपल्या देवळांच्या सभामंडपांत एक वाक्य वरचेवर कानी पडते: एकादशीचे महत्त्व आता विज्ञानानेही मान्य केले! बोलणारांचा भाव निर्मळ असतो. तथापि, पुरावा पारखून घेण्याची सवय जडलेल्या आम्हांस येथे क्षणभर थांबावेसे वाटते.

ओसुमींनी पाहिले ते काय? १९८८ साली टोकियो विद्यापीठातील प्रयोगशाळेत त्यांनी पाव फुगविणाऱ्या यीस्टच्या पेशींचे अन्न तोडले. त्या पेशींत पाचक द्रव्यांची मुद्दाम उणीव ठेवलेली होती. काही तासांतच त्यांच्या पोटातील पोकळीत बारीक पुटकुळ्या साठल्या. पेशी आपलेच द्रव्य आवरणात गुंडाळून मोडीत काढावयास नेत होती, आणि मोडणारे कोणी नसल्याने तो माल तसाच पडून राहिला होता. या क्रियेला बेल्जियमच्या क्रिस्त्याँ द द्यूव यांनी १९६३ साली ‘ऑटोफॅजी’, म्हणजे स्वभक्षण, असे नाव दिले होते. ओसुमींनी तिच्यामागील जनुके शोधून काढली. पुढे २००६ साली जपानमधीलच संशोधकांनी उंदरांच्या मज्जापेशींत ती क्रिया बंद पाडली; तेव्हा त्या पेशींत टाकाऊ प्रथिनांचे ढीग साचले आणि पेशी झिजू लागल्या.

येथवर साक्ष स्पष्ट आहे. परंतु साक्षीदाराला जो प्रश्न विचारलाच नाही, त्याचे उत्तर त्याच्या तोंडी घालणे न्यायाचे नव्हे. पंधरवड्यातून एक दिवस उपाशी राहिल्याने माणसाचे रोग हटतात, असे ओसुमींच्या शोधाने सिद्ध झालेले नाही. शिवाय हा साक्षीदार दोन्ही पक्षांचा आहे. जी क्रिया निरोगी पेशीला अर्बुदापासून राखते, तीच क्रिया वाढलेल्या अर्बुदालाही उपासमारीत तगवून धरते. निसर्ग धर्माधर्म जाणत नाही.

आमच्या मते खरा भेद याहून खोल आहे. यीस्टचे अन्न दुसऱ्याने तोडले होते. व्रतस्थ मनुष्य समोरचे ताट आपण होऊन बाजूला सारतो. उपवासाचे नैतिक मोल त्या स्वेच्छेत आहे, पेशीतील घडामोडीत नाही. ते मोल प्रयोगशाळेच्या दाखल्यावर टेकविले, तर उद्या दाखला फिरताच व्रतही सोडावे लागेल.

आणि या घोटाळ्याची किंमत कोणी तरी देते. मधुमेहाचे औषध घेणाऱ्या वृद्धेला नोबेलचा हवाला देऊन निर्जळीस बसविणे, हा ना धर्म, ना विज्ञान. आपल्या धर्मशास्त्राने बालक, वृद्ध आणि रोगी यांना सवलत पूर्वीच दिली आहे. ज्याला झेपेल त्याने श्रद्धेने उपवास करावा. ज्याला झेपणार नाही त्याला घरच्यांनी वेळेवर, प्रेमाने वाढावे.