बदलीचं रडगाणं पुरे

तुझा मेसेज वाचला. ‘बाई, दर दोन-तीन वर्षांनी बदली होते, घरबसल्या बायोडेटा लिहून द्यायचं काम काही मूळ धरेना.’ मूळ कसं धरेल? पाणी घातलंस का कधी?

फौजी घरात पडलीस म्हणून बदलीला पुढे करतेस. अगं, आपल्या साताऱ्यात अपशिंग्याला लोक मिलिटरी अपशिंगेच म्हणतात. असल्या गावांतल्या बायकांनी शेत, सासू, पोरं आणि मनिऑर्डरीचा हिशेब एकहाती सांभाळला. तुला एक लॅपटॉप सांभाळवेना?

ज्या फौजेला दोष देतेस तिच्याकडूनच शीक. जावईबापूंचं युनिट पंजाबातून हललं तरी मी पाकिटावर ‘५६ एपीओ’च लिहीत होते, आणि पत्र पोचत होतं. गावाचं नाव नाही, जिल्हा नाही. पत्र दिल्लीच्या सैनिकी टपाल केंद्रात जातं आणि तिथून युनिट असेल तिथे. युनिट हलतं, पत्ता हलत नाही. आणि तू? तीन बदल्या, तीन मोबाईल नंबर! बाहेरचं प्रीपेड सिम जम्मू-काश्मीरमध्ये चालत नाही, हे उधमपूरला उतरल्यावर कळलं म्हणे तुला. निघण्याआधी पोस्टपेड करून घ्यायला एक दुपार पुरली असती. बरं, नवा नंबर घेतलास तो जुन्या गिऱ्हाइकांना कळवलास? नाही. मग ती माणसं तुला शोधत उधमपूरला येणार होती?

सामानाच्या काळ्या पेट्यांवर पांढऱ्या रंगात आकडे, झाकणाच्या आत यादी. चहाची गाळणी ११ नंबरच्या पेटीत आहे, हे तू झोपेतही सांगशील. कुणाचा बायोडेटा कुठे ठेवलाय, हे विचारलं की आभाळाकडे बघतेस.

पण हेही मी पोटात घातलं असतं. कामच वाईट आहे, त्याचं काय?

त्या निवृत्त हवालदाराचा कागद पाहिला मी. २४ वर्षं नोकरी, त्यातली बरीचशी गाड्यांच्या ताफ्यावर. तू लिहिलंस ‘डायनॅमिक, रिझल्ट-ओरिएंटेड प्रोफेशनल’. मुलाखतीत त्या बिचाऱ्याला हे शब्द उच्चारता येईनात! किती गाड्या त्याच्या ताब्यात होत्या, किती ड्रायव्हर हाताखाली, लॉगबुक कोण भरायचं, बिघाड झाला तर काय करायचा, यातलं एक अक्षर विचारलं नाहीस. हवालदार म्हणजे काय हे कारखान्याच्या मॅनेजरला कळत नाही. ते त्याच्या भाषेत सांगायचेच तर तुला पैसे मिळतात. उलट युनिट कुठल्या चौकीवर होतं, तिथे काय काय होतं, ते मात्र साग्रसंगीत! फौजेच्या घरात राहतेस ना? काय केलं ते लिहावं. कुठे केलं, कशाच्या जोरावर केलं, ते नाही. शिवाय दोन रकाने, रंगीत पट्ट्या, चौकटी. मोठ्या कंपन्यांत अर्ज आधी सॉफ्टवेअर चाळतं आणि असला नक्षीदार कागद त्यात अनेकदा विस्कटतो. लग्नपत्रिका छापतेस की बायोडेटा?

जीएसटीची भीती मला घालू नकोस. सेवेच्या धंद्याला नोंदणी २० लाखांच्या उलाढालीनंतर. नागालँड-मणिपूरकडे बदली झाली तर १० लाख. तुझं वर्षाचं उत्पन्न जावईबापूंच्या बुटांच्या पॉलिशलाही पुरत नाही. आणि उद्यम नोंदणी सरकारी पोर्टलवर फुकट होत असताना एजंटला पैसे चारलेस. वर मैत्रिणींची कामं फुकट. शाळेतही तू अशीच होतीस, स्वतःची वही कोरी आणि दुसऱ्यांच्या वह्या पूर्ण करून द्यायचीस.

आज रात्री त्या हवालदाराला फोन कर. माफी माग, तासभर त्याचं ऐक, कागद नव्याने लिही. पैसे मागायचे नाहीत.

तुझ्या मेसेजमध्ये शुद्धलेखनाच्या ७ चुका आहेत. प्रिंट काढून लाल शाईने खुणा केल्यात, उद्या पोस्टात टाकते. तोवर नंबर पुन्हा बदललास तरी हरकत नाही, एपीओचा पत्ता आहे.