आजचं चिंतन : रथापाशी थांबलेला कुत्रा
महाभारत, महाप्रास्थानिक पर्व, अध्याय ३



काल मौसल पर्व संपलं, आज सतरावं, महाप्रास्थानिक पर्व. अवघे तीन अध्याय. ऑफिसच्या बसमध्ये जाता-येता वाचून होतं. मी मात्र तिसऱ्या अध्यायावर आठवडाभर अडकलोय, कारण घरात नेमका हाच विषय चालू आहे. आईला गावाहून, म्हणजे कनेरगाव नाक्याहून, कायमचं पुण्याला आणायचं ठरतंय, आणि प्रश्न आहे मोत्याचा. मोत्या म्हणजे आईचा कुत्रा, नऊ वर्षांचा. शिवाय मनी नावाची एक मांजर आहे, पण तिच्याबद्दल नंतर.

आधी कथा. आपल्याला ती टीव्हीवरून माहीत असते, पण मूळात काही बारीक गोष्टी आहेत त्या सुटतात.

हस्तिनापुरातून निघाले तेव्हा पाच भाऊ आणि द्रौपदी, असे सहा. सातवा कुत्रा. नगरातले लोक बरंच अंतर पोचवायला आले आणि परत फिरले, कुत्रा फिरला नाही. वाट सरळ हिमालयाची नव्हती. आधी पूर्वेला समुद्रापर्यंत, तिथे अर्जुनाने गांडीव पाण्यात सोडलं. मग दक्षिण, मग पश्चिमेला बुडालेली द्वारका पाहून उत्तरेला. म्हणजे जवळजवळ सगळ्या भारतवर्षाची प्रदक्षिणा, पायी. एवढं सगळं तो कुत्रा चालला. द्रौपदी पडली, सहदेव, नकुल, अर्जुन, भीम पडले. शेवटी उरले दोघं.

आणि या सगळ्या प्रवासात युधिष्ठिराने कुत्र्याला गोंजारलं, त्याला नाव ठेवलं, त्याच्याशी बोलला, असं एकदाही येत नाही. कुत्रा मागून चालत होता, एवढंच व्यास सांगतात. हे लक्षात ठेवा, पुढे लागेल.

मग इंद्र रथ घेऊन येतो. चल, सदेह स्वर्गाला चल. युधिष्ठिर म्हणतो, हा कुत्रा माझा भक्त आहे, हाही येईल. इंद्राचे मुद्दे पाहा, आपल्या नातेवाइकांसारखेच आहेत. तुला एवढं मोठं वैभव मिळतंय, कुत्रा सोड, यात काही क्रूरपणा नाही. स्वर्गात कुत्रा बाळगणाऱ्याला जागा नसते, क्रोधवश नावाचे देव त्यांचं पुण्य हिरावून घेतात (म्हणजे सोसायटीचे नियम तिथेही होतेच). आणि शेवटचा, सगळ्यांत बोचरा: तू भावांना सोडलंस, द्रौपदीला सोडलंस, मग कुत्र्यात काय अडकलंय?

युधिष्ठिराचं उत्तर मला फार आवडतं, कारण त्यात भावनेचा गहिवर नाही. तो म्हणतो, ते गेले. मेलेल्यांशी संधीही नसते आणि भांडणही नसतं, मी त्यांना जिवंत करू शकत नव्हतो. जिवंत असताना मी त्यांना सोडलेलं नाही. शरण आलेल्याला परत पाठवणं, स्त्रीची हत्या, ब्राह्मणाचं धन लुबाडणं, मित्राचा द्रोह, या चारांच्या बरोबरीचं एक पाप म्हणजे भक्ताला सोडणं. म्हणून नाही सोडणार.

पुढे कुत्रा म्हणजे साक्षात धर्म होता वगैरे आपल्याला माहीत आहे. कीर्तनात तिथे टाळ्या पडतात. पण मला वाटतं, शेवट आधी माहीत असल्यामुळे आपण ही गोष्ट उलटी वाचतो, परीक्षा म्हणून. युधिष्ठिराला पेपर चालू आहे हे माहीत नव्हतं. त्याच्या लेखी तो फक्त एक कुत्रा होता, थकलेला, आणि मागे सोडला तर त्या बर्फात त्याला कोणी नव्हतं.

आता आमच्या घरचं.

कनेरगाव नाका ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: हिंगोलीहून वाशीमला जाताना लागतं. इथे मराठवाडा संपतो, पैनगंगा ओलांडली की विदर्भ. बाबा गेल्यापासून आई तिथे एकटी असते. गुडघे दुखतात, आणि साधं इंजेक्शन घ्यायचं तरी हिंगोली नाहीतर वाशीम गाठावं लागतं. पुण्यात आमचा नवव्या मजल्यावरचा फ्लॅट आहे, अंतर साडेचारशे किलोमीटरच्या आसपास. आई यायला तयार झाली, पण एक वाक्य बोलली आणि गप्प बसली: "त्याला कोण पाहीन मंग?"

यावर घरात जे झालं ते तुमच्याही घरात झालं असतं. एक पार्टी म्हणते, गावातलं कुत्रं आहे, कसंही जगतं, शेजारी भाकर टाकतीलच. दुसरी पार्टी, यात मी आणि माझी बायको, म्हणते न्यायचंच, युधिष्ठिराने स्वर्ग नाकारला आणि आपण काय लिफ्टला घाबरतोय! मीही जोरात हाच दाखला दिला. मग रात्री भागवताचा पाचवा स्कंध उघडला आणि जरा थबकलो.

तिथे भरत राजाची गोष्ट आहे. ज्याच्या नावावरून या देशाला भारत म्हणतात तो भरत. राज्य सोडून गंडकी नदीच्या काठी पुलहाश्रमात तप करत होता. एक गाभण हरिणी पाणी प्यायला आली, सिंहाची डरकाळी ऐकून तिने उडी मारली, पोटातलं पाडस प्रवाहात पडलं आणि ती पलीकडे जाऊन मेली. भरताने पाडस उचललं. इथपर्यंत कोण चूक म्हणेल? पुढे त्याचं त्या पाडसाशिवाय चालेना. एकेक नियम सुटत गेला. दर्भ-समिधा आणायला जाताना त्याला खांद्यावर घेऊन जायचा. दिसलं नाही तर जीव कासावीस. शेवटी मरताना मनात हरीण, आणि पुढचा जन्म हरणाचा.

खरी गंमत अशी की भरत स्वतःला जे समजावतो ते जवळजवळ युधिष्ठिराचंच बोलणं आहे. याला माझ्याशिवाय कोणी नाही, शरण आलेल्याची उपेक्षा करणं हा दोष आहे हे मला ठाऊक आहे, सज्जन लोक अशा दीनासाठी आपले मोठे स्वार्थही बाजूला ठेवतात. युक्तिवाद तोच. एकाला त्यातून स्वर्ग, दुसऱ्याला हरणाचा जन्म. असं कसं?

मी सॉफ्टवेअरवाला माणूस, म्हणून मला हे डिपेन्डन्सीच्या भाषेत समजलं. एखादं मोड्यूल काढून टाकायच्या आधी आपण बघतो ना, याच्यावर कोण अवलंबून आहे? बाणाची दिशा महत्त्वाची असते. कुत्रा युधिष्ठिरावर अवलंबून होता, युधिष्ठिर कुत्र्यावर नव्हता. म्हणूनच त्या प्रवासात लाडाचं एक वाक्यही नाही. भरताच्या बाबतीत बाण हळूहळू उलटा फिरला. पाडस मोठं झालं, त्याला रान होतं, कळप होता. सुटत नव्हता तो भरत, आणि तोंडी मात्र शरणागताचा धर्म राहिला. दुसऱ्याच्या गरजेचं नाव आपल्या गरजेला देणं फार सोपं असतं, विशेषतः ते नाव शास्त्रातलं असेल तर.

मग मी मोत्याबद्दल स्वतःला विचारलं की बाण कुठून कुठे आहे. त्याला न्यावं असं मला वाटतंय ते त्याच्यासाठी, की मागे ठेवलं तर मला रात्री झोप लागणार नाही म्हणून? की आई मोत्यासाठी अडते आणि मला ती लवकर यायला हवी आहे म्हणून? आणखी एक गोष्ट खटकली. युधिष्ठिराने कुत्र्याला स्वर्गात नेण्याचा हट्ट धरला, पण नववा मजला हा मोत्याचा स्वर्ग आहे असं मला कोणी सांगितलं? त्याने आयुष्यात जिना पाहिलेला नाही. अंगण, रस्त्यापलीकडचा कडुनिंब, एसटी थांबली की एकदा भुंकणं, हे त्याचं जग.

याचं उत्तर पोथीत बसून मिळत नाही, मोत्याकडे बघून मिळतं. मागच्या वर्षी आई मोतीबिंदूच्या ऑपरेशनला चार दिवस नांदेडला होती. शेजारच्या काकूंनी दोन्ही वेळ भाकर-दूध ठेवलं. काकू भल्या आहेत, त्याला ओळखीच्या आहेत. तरी त्याने पहिले दोन दिवस तोंड लावलं नाही, फाटकाशी पडून राहिला. अंगण तेच होतं, कडुनिंब तोच होता. म्हणजे त्याचं घर अंगण नाही, आई आहे. व्यासांनी भक्त हा शब्द वापरलाय तो इथे नेमका बसतो. मागे चालत येणारा.

मनीचं उलटं. ती तीन घरांत जेवते. आई नांदेडला होती त्या चार दिवसांत ती काकूंच्या पायरीवर मजेत होती. मांजर माणसापेक्षा जागेला धरून असतं, नव्या घरी नेलं तर जुन्या घराच्या ओढीने पळून जाऊन हरवतं, हे जनावरांचे डॉक्टरही सांगतात. धाकट्या भाचीने रडून सांगितलं, मनीला पण आणा. मनीला आणणं हे मात्र भरताचं हरीण झालं असतं.

तर मनी काकूंकडे राहील आणि मोत्या येईल. काकूंना आम्ही नुसतं "लक्ष ठेवा" म्हणून निघणार नाही. त्यांना विचारलंय, त्या हो म्हणाल्यात, मनीला लस टोचून घेतोय आणि दर महिन्याला खर्चाचे पैसे पाठवणार. सोडून जाणं आणि सोपवणं यात फरक आहे, आणि तो फरक समोरच्याचा स्पष्ट होकार घेण्यात आहे असं माझं मत. कायद्यालाही हा फरक कळतो. १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्याच्या कलम ११ प्रमाणे, भुकेने किंवा तहानेने हाल होतील अशा स्थितीत जनावर टाकून जाणं हा गुन्हा आहे. "शेजारी भाकर टाकतीलच" हे वाक्य त्याच्या किती जवळ जातं, बघा.

आमच्या भागात हे नवीन नाही खरं तर. दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघणाऱ्या टोळ्या मी लहानपणापासून नाक्यावर बघत आलो. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत भांडी, गोधड्या, लेकरं, शेळी, खुराड्यात कोंबड्या, आणि वर कुठेतरी दोरीने बांधलेलं कुत्रं. पाच-सहा महिने घराला कुलूप, मागे ठेवून कोणाच्या भरवशावर ठेवणार? म्हातारी माणसं मात्र पुष्कळदा गावातच राहतात. ते दृश्य मला आता वेगळं दिसतं. मोत्याला न्यायचं की नाही यावर आम्ही दहा फोन केले. आईला न्यायचं हे मात्र आम्ही भावंडांनी एका फोनमध्ये ठरवलं होतं. अंगण तिचंही आहे, आणि जिन्याची सवय तिलाही नाही.

म्हणून परवा तिला सरळ विचारलं, तुला यायचंय का? ती बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "पाहून येते ना आधी. घर काहून इकता लगेच?" तर ठरलं असं की घर विकायचं नाही. दोघांनी आधी दोन महिने राहून बघायचं, आणि परत जायचं म्हणाली तर न कुरकुरता सोडून यायचं. मी युधिष्ठिर नाही, इंद्राच्याच बाजूने रथ घेऊन उभा आहे, हे मला या अध्यायाने दाखवलं. रथ घेऊन येणाऱ्याने निदान समोरच्याचं ऐकून घ्यावं, इंद्रानेही घेतलंच की.

संत नामदेवांचं नर्सी आमच्याच जिल्ह्यात. पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावलेले नामदेव आपण लहानपणापासून ऐकतो. तेही पुढे घर सोडून पार पंजाबात घुमानपर्यंत गेले. आईला ही कथा सांगितली तर म्हणाली, तूप नको, मोत्याला पचत नाही.

ज्यांना स्वतःला असं स्थलांतर करायचंय त्यांच्यासाठी थोडं कामाचं. रेल्वेने न्यायचं तर प्रथम श्रेणी एसीचा पूर्ण कूपे किंवा केबिन आपल्या नावावर लागतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पेटीत. म्हाताऱ्या कुत्र्याला ती पेटी नको, आम्ही कारने आणतोय. रेबीजची लस आणि डॉक्टरांचा दाखला सोबत ठेवा. पुण्यात महापालिकेचा परवाना काढावा लागतो. सोसायटीत कोणी "कुत्रा चालणार नाही" म्हणालं तर घाबरू नका, प्राणी कल्याण मंडळाच्या २०१५ च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे सोसायटीला सरसकट बंदी घालता येत नाही. पण शेजाऱ्यांशी आधी जाऊन बोला, कागद नंतर दाखवा. परदेशी जाणाऱ्यांनी तर महिने आधी सुरुवात करावी. भारतातून युरोपीय संघात कुत्रा न्यायचा तर मायक्रोचिप, मग लस, मग किमान तीस दिवसांनी रक्ताची अँटिबॉडी चाचणी, आणि रक्त घेतल्यापासून पुढे तीन महिने थांबणं. व्हिसा आल्यावर जागं झालात तर वेळ निघून गेलेली असते, आणि मग "नाइलाज होता" असं म्हणावं लागतं.

उद्या स्वर्गारोहण पर्व सुरू. स्वर्गात पोचल्यावर युधिष्ठिराला सगळ्यांत आधी कोण दिसतं, ते वाचून ठेवा. मला अजून पचलेलं नाही.

राम कृष्ण हरी.